आधी मी घेऊन बघते

...आणि वर म्हणते कशी, ‘अहो, ते डॉक्टर आहेत!’ अगं, कसले डॉक्टर? कुणाचे डॉक्टर? तुम्हाला सांगतो, साखर निघाली मला, आणि पथ्य सुरू झालं आमच्या हिच्या मोबाइलवर! मी दाढी करतोय आणि दाराबाहेर तो आहारगुरू घसा फाडून ओरडतोय, ‘मित्रांनो, गोळ्या फेका! उपाशीपोटी हिरवा रस प्या! दुपारपर्यंत तोंडात कण नको! माझ्या मावशीला बघा, टुणटुणीत!’ आता त्याची मावशी टुणटुणीत, आनंद आहे, पण म्हणून मी माझ्या गोळ्या फेकायच्या? मी कानीकपाळी ओरडतोय, पण माझं ऐकतंय कोण!

माझं चष्म्याचं दुकान. बारीक अक्षर वाचणं हा तर धंदाच! वाचलं. नावाआधी मोठ्ठं ‘डॉक्टर’, आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत... शनिवार-रविवारचा ऑनलाइन कोर्स! त्याच्याखाली रसाच्या पावडरीचा डबा, विकायला! दाखवलं हिला. तर म्हणते, ‘गिऱ्हाइकं तुम्हालाही डॉक्टर म्हणतात, तेव्हा कसे गोड हसता?’ ...हसतो हो. खोटं कशाला सांगू!

पण गंमत अशी, की तो रस माझ्यापुढे काही येईना. गोळी वेळेवर, जेवण वेळेवर. म्हटलं, चला, जिंकलो! आणि एका सकाळी स्वयंपाकघरात धप्पकन आवाज. धावलो. ही फरशीवर, चेहरा पांढराफटक, ओठांवर हिरवी मिशी... ‘अगं, काय हे?’ तर डोळे मिटलेलेच, पुटपुटते, ‘तुम्हाला द्यायच्या आधी... मी घेऊन बघत होते. बाधलं तर मला बाधू दे...’

आता अशा बाईवर ओरडायचं कसं, सांगा? मी आपला तिचं डोकं मांडीवर घेऊन, ‘वेडी कुठली, वेडी कुठली...’ पण माझं ऐकतंय कोण!

दवाखान्यात तपासलं. उपासमारीची चक्कर, बाकी ठीक. डॉक्टरीणबाईंनी शेजारच्या खोलीत आहारतज्ज्ञ मुलीकडे धाडलं. तिनं सगळं शांतपणे ऐकलं. ‘मावशी, एकीला बरं वाटलं म्हणून ते सगळ्यांना लागू होत नाही. पुष्कळ माणसं घ्यायची, निम्म्यांना द्यायचं, निम्म्यांना नाही, आणि मग फरक पडतो का बघायचं. सांगणारा काय शिकलाय आणि काय विकतोय, तेही बघायचं. आणि काकांच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायच्या नाहीत.’ हिनं मान डोलावली, पर्स उघडली, चष्मा चढवला आणि म्हणाली, ‘मग आधी तुझं सर्टिफिकेट दाखव!’

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं! पण पोर गुणी. हसत भिंतीवरची फ्रेम काढून हातात दिली. हिनं शिक्क्यासकट वाचली. ‘बरं. आणि ज्या माणसांवर हे तपासलं, त्यांत यांच्यासारखे हट्टी किती होते?’

‘निम्मे तरी असतीलच, मावशी!’

झालं! गुरू बंद झाला, पण पुरावा सुरू झाला! मी म्हटलं, उन्हानं डोकं चढलं, की ‘कशावरून?’ मी म्हटलं, एका बिस्किटानं काय होतंय, की ‘कुणी तपासलंय?’ परवा जेवताना मी हातातला घास खाली ठेवला. म्हटलं, ‘अगं, तुला काही झालं असतं ना, तर मी काय केलं असतं?’ तिनं माझ्याकडे बघितलं... डोळे पुसले... आणि म्हणाली, ‘कळलं. आता तो कोबी संपवा.’

...संपवला. करतो काय!