सकाळी सहाची हजेरी

(सिरोंचा. खुर्शीदचाचांची ओसरी. तीस वर्षं पोलिसांच्या वायरलेसवर काढली, कान अजून तल्लख. समोर त्यांच्या जुन्या दोस्ताची, गोपाल शिपायाची पोरगी उर्वशी; मांडीवर लॅपटॉप.)

उर्वशी : ...ड्रोन झाले, कॅमेरे झाले. आता शेवटचा मुद्दा, चाचा. वायरलेस.

खुर्शीद : थांब वो बेटा. सरकारले पाच सालानं काय लागन, हे तुमची कंपनी आजच सांगते? आमाले तर गोदावरीचं पानी उद्या किती चढन, हेबी सांगता येत नव्हतं!

उर्वशी : अंदाज बांधणं हेच आमचं काम. मी लिहिलंय, वायरलेसवर चौक्यांची रोजची हजेरी घ्यायला माणूस नको. चौकीवरचं यंत्र आपोआप कळवेल. हिरवा दिवा म्हणजे सगळं ठीक.

खुर्शीद : माणूस नको?

उर्वशी : रागावू नका. संध्याकाळी अहवाल पाठवायचाय, त्याआधी तुम्हाला विचारावंसं वाटलं.

खुर्शीद : राग नाई वो, जीवाले लागते. काय दिवस होते! सहा वाजले का सतरा चौक्या कानात बोलत. झिंगूचा आवाज घोगरा. बिरजू तर असा घाईत बोले, जशी त्याची बस सुटून राह्यली. अर्ध्याइचे चेहरे मी पाह्यलेबी नाई, पन कोन झोपला नाई, ते आवाजावरून समजे.

उर्वशी : पण सगळे 'ठीक' एवढंच सांगायचे ना? ते यंत्रही सांगेल.

खुर्शीद : 'ठीक' तर सारेच म्हनत! म्हून मी मागून पुसो, काल भाजी काय खाल्ली? साहेब हासे माह्यावर. एक रोज चौकीवरच्या तुह्या बाबाले पुसलं. म्हने, "इसरलो." खान्याचा एवढा शौकीन मानूस, अन् इसरला? मी तवाच गाडी धाडाले लावली. मलेरिया डोक्यात चढला होता त्याच्या.

उर्वशी : बाबांना? ते तर म्हणाले होते, ड्यूटी वाढली.

खुर्शीद : बारा रोज दवाखान्यात होता. तू तिसरीत होती. घरी सांगू नको म्हने, कसम घातली मले. तुह्या हिरव्या दिव्यानं त्या रोज काय सांगतलं असतं?

उर्वशी : ...सगळं ठीक. मले कोणीच सांगतलं नाई, चाचा. इतकी वर्षं!

खुर्शीद : रडू नको वो. पानी घे.

उर्वशी : खोडते ते वाक्य. कंपनीत बोलणी बसतील, बसू द्या. "हजेरी माणसानंच घ्यावी." झालं. पण पुढं रकाना आहे, ही गरज कोणत्या सालापर्यंत राहील?

खुर्शीद : चौकीवरचे पोट्टे घरच्याइपासून ताप लपवतेत, तवापर्यंत. तसंच लिव.