मान पुरी येऊ दे

अंबाजोगाईच्या स्टँडवर मी सिरसाळ्याच्या गाडीची वाट बघत बसले होते. शेजारी कॉलेजच्या दोन पोरी एकाच मोबाइलवर वाकलेल्या.

"दीपा, हा फोटो काढून टाक. मान लई जाड दिसायलीय."

"हायच ती जाड."

"खाली कमेंटमधी पोरं 'पैलवान' म्हणायलेत, वाचलं का?"

"वाचलं की."

"मग फिल्टर लाव. लगेच बारीक होती."

"परवा लावलं होतं, स्वप्ना. आई ऊसतोडीला गेलीय ना, तिला पाठवला तो फोटो. तिचा रडतच फोन आला."

"कावून?"

"म्हणली, आजारी हाईस का? ह्याच मानेवर उसाची मोळी घेऊन फळीवरनं ट्रकात चढायचीस, ती मान कुठं गेली? मुकादमाला सांगून निघालीच होती मला बघायला."

"अगं बाई! मग?"

"मग हा खरा फोटो तिला पाठवला, इथंबी टाकला. तवा कुठं ती जेवली."

तेवढ्यात गाडी लागली.

"दीपा, माझी पेटी लई जड हाय गं. पुस्तकं हायेत."

"सरक."

दीपानं पत्र्याची पेटी उचलून डोक्यावर घेतली आणि हात सोडून सरळ चालू लागली.

"ए, तशीच थांब! फोटो काढते."

"काढ. मान पुरी येऊ दे."