ताटात वाढलं ते

रक्ततपासणीचे कागद हातात घेऊन थांबलेल्या निवृत्त शिंप्याचे कान पुढच्या बाकावरच्या नवरा-बायकोकडे लागले होते. आहाराच्या या संशोधनात प्रत्येक जोडप्यातल्या एकाला तीन महिने उकडलेल्या भाज्या आणि दुसऱ्याला नेहमीचं खाणं नेमून दिलं होतं.

"अहो, उकडलेलं तुमच्या वाट्याला होतं. तरी साखर तुमचीच वाढली."

"आणि तुझी उतरली. अभिनंदन."

"उतरणारच. तुमचा भोपळा रोज मी गिळला."

"मी कुठे गिळ म्हटलं? मी ताट फक्त सरकवलं."

"आणि माझा केक?"

"वाया गेला असता."

"वहीत काय लिहिलंत?"

"ताटात वाढलं ते. एक अक्षर खोटं नाही."

"म्हणजे आता त्या संशोधक बाई छापणार, भोपळ्यानं साखर वाढते आणि केकनं उतरते."

"छापू देत की. लोक दुवा देतील."

"लोकांचं राहू द्या. तुम्हाला आजपासून रोज इंजेक्शन देणार आहेत. खरं सांगितलंत तर आणखी तीन महिने मिळतील, पण भोपळा स्वतः खावा लागेल."

"सुई केवढी असते?"

"एवढी."

"सांगून टाकू. तू सांग, तुझ्यावर विश्वास बसतो."

दोघं आत गेली. अर्धवट उघड्या दारातून संशोधक बाईंचा थकलेला आवाज आला, "ताटं बदललीत ना? सकाळपासून तुमचं चौथं जोडपं."

शिंप्यानं हळूच शेजारी बसलेल्या बायकोकडे पाहिलं. ती आधीच त्याच्याकडे पाहत होती.

"बघता काय? पाचवं आपलं."