खाडीकडची भिंत

"हॅलो?… विनू? थांब, खिडकीत येते. पूर्णगडात रेंज या खिडकीतच असते, विसरलास?… हां, आता बोल. जेवलास?… माझं व्हायचंय रे. आधी सांग, सोमवारचं काय ठरलं?"

गुणवंतीताईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. समोर खाडीला टेकून वखार उभी होती. आजोबांच्या गलबतातून आलेलं मीठ नि कौलं तिथेच उतरायची. आता तिच्या दारावर पुरातत्त्व कार्यालयाची नोटीस चिकटवलेली होती.

"धमकी कसली त्यात? जुनी वास्तू पडू दिली तर दंड, एवढंच… होय, आपण हात लावला नाही तर तेच दुरुस्त करणार आणि खर्च आपल्याकडून वसूल करणार. पण खालचं वाचलंस?… वाच की मग, मेल्या! आपणच दुरुस्त केली तर निम्मा खर्च त्यांचा. वर घरपट्टी माफ… माझी एकटीची संमती नाही चालत. नावं आपल्या दोघा बहीणभावांची आहेत ना?"

"…"

"पडू दे काय? विनू, बाबांसमोर बोलला असतास असं?… बरं, बरं. ऐक ना. अक्षया मॅडम येऊन गेल्या, त्या कार्यालयातल्या. म्हणाल्या, भिंती अजून पक्क्या आहेत. फक्त खाडीकडची भिंत सोलायची. वरचं सिमेंट… अरे, ऐक तरी! कुणी नावं ठेवली नाहीत तुला."

बाबा गेले त्या वर्षी विनोदने मुंबईत जादा पाळ्या करून ते सिमेंट पाठवलं होतं. चुना पोपडे धरतो, भिंत एकदाची पक्की होऊ दे, म्हणाला होता. ती पहिल्यांदाच इतकी गुळगुळीत दिसली होती. ताई येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने दाखवत होत्या.

"जांभा आहे तो, विनू. पावसात पाणी पितो नि पुढे सोडतो. चुन्यातून ओल बाहेर जायची, सिमेंटने ती आत कोंडली. आता बोट लावलं तर दगडाचा भुगा होतो… होय, शाळेत सायन्सच शिकवत होते मी. तरी तेव्हा नाही सुचलं. सगळं गाव तेच करत होतं, रे…"

"…"

"हॅलो? आहेस ना?… तुझं नाव पुसत नाहीये मी. कोपऱ्यात ओल्या सिमेंटवर काडीने 'विनोद' लिहिलंस ना, तेवढा तुकडा केरू गवंडी अख्खा काढून देणार आहे… वेडा आहेस का? तुळशीपाशी ठेवेन."

पलीकडे तो हसला असावा. ताईंचे खांदे सैल झाले.

"देतोस संमती? नक्की?… मग शनिवारचीच गाडी धर. वरची खोली झाडून ठेवलीय, चादरी उन्हात घातल्यात. मालन कोळणीला सांगितलंय, चांगला सरंगा आला तर दुसऱ्या कुणाला देऊ नकोस… अरे, यायलाच लागेल. मॅडमच्या समोर सही…"

"काय म्हणते रुचिरा?… मोबाइलवर?… दे तिला. हां बाळा, बोल… हो… बाबाच्या फोनवर आकडा येतो… हो, तोच टाकायचा."

संमती मोबाइलवरूनही देता येते, हे अक्षया मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तुमच्या भावाला येण्याची गरज नाही, ताई. ताईंनी मान डोलावली होती आणि घरी येऊन विनोदला सोमवारची तारीख कळवली होती.

"विनू?… हो. माहीत होतं मला."

"…"

"असंच रे. म्हटलं, त्या निमित्ताने… नाही, नाही, रागावू कशाला? रजा मिळत नाही, कळतं ना मला. उलट काम लवकर झालं… आला आकडा? टाक… टाकलास? हिरवी खूण दिसली?… झालं मग. राहिली आपली वखार."

खाडीवरून वारा आला. वखारीच्या दारावरचा कागद फडफडला.

"मालनला नको म्हणून कळवते. एकटीला कुठे संपतो सरंगा… तू जेव आता. आणि तो तुकडा आहे हां इथे, तू येशील तेव्हा… हॅलो?… विनू?… मी खिडकीतच आहे रे… हॅलो?"