शिळेला दिसेल का

आमची अख्खी सहल किरिग्वाच्या प्राचीन अवशेषांच्या फाटकावर अडली होती. पुढे पहारेकरी इलारिओ आणि मेणबत्ती घेतलेल्या एक आजी. मी अर्थातच कान टवकारले.

"आत पेटवायचं नाही, आजी. राजा कोरलेल्या शिळेवर झावळ्यांचं छप्पर आहे."

"बाराशे वर्षं विजा झेलल्या तिनं. आता मेणबत्तीला घाबरते होय?"

"छप्पर पेटलं तर माझी नोकरी जाईल."

"माझी लेक आज सरहद्दीची नदी ओलांडतेय. पोहता येत नाही तिला. आपल्या जुन्या पंचांगात आज वाटेचा दिवस आहे, वाटसरूंसाठी मागणं मागायचा; पुढचा वीस दिवसांनी येणार."

"…इथं माझ्या चुलीपाशी लावा."

"शिळेला दिसेल?"

"तिच्यावरच्या राजाचं तोंड इकडंच आहे."

"मग बाजूला हो, बाळा. मध्ये उभा आहेस."