राखाडी ठिपका

हॅलो?… हो, मीच. बोल… नाही गं, झोपलो नव्हतो. भांडी विसळत होतो. थांब, हात पुसतो… हं. जेवलीस का?… अजून नाही? मग दोन मिनिटं आधी माझं ऐक, मग जेव. तो फॉर्म पाठवलास का शाळेला?… सही केलीस, पण पाठवला नाहीस. बरं झालं. नको पाठवू.

नको म्हणजे नको… हो, माझंच म्हणणं होतं. मागच्या रविवारी मीच म्हणालो, तुझी पोर मागे पडतेय, आपल्या बटणाला एक वर्ष खालच्या वर्गात बसवू. तू रडलीस, तरी मी म्हणालो. आता म्हणतो, नको… अगं ऐक ना. चारपर्यंत मुदत आहे ना? आत्ता किती वाजले?… सव्वातीन. मग आहे वेळ.

आज बाईंनी मला शाळेत बोलावलं होतं… नाही, नाही, तक्रार नाही. पेन दाखवायला… पेन गं. ती नवी पेनं आलीत ना वर्गात, शाई नसलेली, पाटीसारख्या काचेवर लिहायची… हो, तीच. ज्याचं टोक बटण चघळते म्हणून चिठ्ठी आली होती. अजून चघळते.

खेळणं नाही ते. मलाही तसंच वाटलं होतं. म्हटलं, पेन्सिलीला काय धाड भरली होती? मी आयुष्यभर गाड्यांचे टायर बदलले, नव्या यंत्राला असा लगेच भुलत नाही मी. पण हे पेन… कसं सांगू तुला. वहीत आपल्याला काय दिसतं? लिहून झालेलं. हे पेन लिहिताना काय काय झालं ते दाखवतं. आधी काय लिहिलं, काय खोडलं, कुठे अडलं. बाई पडद्यावर सगळं परत चालवून दाखवतात. एका पोराची बेरीज रोज चुकायची. सगळे म्हणायचे, हातचा विसरतो. पेनात दिसलं, विसरत नाही, घेतो बरोबर, पण भलत्याच रांगेवर मांडतो. दोन दिवसांत सुधारला तो. त्याआधी वर्षभर नुसत्या लाल फुल्या.

हो, हो… येतोय, बटणावरच येतोय. तू फार घाई करतेस… दुकानात गिऱ्हाईक आलंय? घे, घे. मी धरतो फोन. ठेवू नकोस मात्र.

…

…

झालं?… खोकल्याचं औषध होतं ना? ऐकू येत होतं इकडे… काही नाही. नंतर सांगतो.

तर बाईंनी मला बटणाची गणितं दाखवली. दहा दिली होती, तिने केली सहा. आता तुला ठाऊक आहे शाळेची तक्रार काय ते. बसून राहते, खिडकीत बघते, निम्मा वेळ हात चालत नाही. पडद्यावर काय होतं, पेन टेकलं की निळी रेघ उमटते. आणि टेकलेलं नसलं, नुसतं बोटभर वर धरलेलं असलं, तरी पेनाला कळतं. तेव्हा रेघ नाही उमटत, एक राखाडी ठिपका हलतो… हो, न टेकता. मीही हेच विचारलं. बाईंनी मला करून दाखवलं, माझ्या हातात पेन देऊन. माझा हात कापतो ना हल्ली, तर तो ठिपकाही कापत होता. हसलो आम्ही दोघं.

बटणाने पहिलं गणित केलं. निळी रेघ झरझर चालली, उत्तर आलं, बरोबर. मग रेघ थांबली. बाई म्हणाल्या, इथेच आम्हाला वाटायचं पोर हरवली. पण ठिपका बघा, आजोबा. तर तो ठिपका उत्तरावर गेला, आणि तिथून वर चढायला लागला. आकड्याआकड्यावर थांबत. खालून वर, उलटा, अगदी पहिल्या आकड्यापर्यंत. मग दुसरं गणित. तेही झाल्यावर परत तसंच. सहाही गणितं… सहाही बरोबर, एक खाडाखोड नाही गं. अख्ख्या वर्गात एकटी तीच.



मग मला सांग, खालून वर उलटं कोण जायचं आपल्या घरात?… हं… हं. हो.

खडूची बोथट बाजू. शिवायच्या कापडावर आखून झालं की तुझी आई खडू उलटा करायची आणि खालच्या कडेपासून गळ्यापर्यंत सगळ्या खुणांवरून हवेत फिरवून आणायची. मी तिला चिडवायचो, झाली का तुझी प्रदक्षिणा? ती शेवटपर्यंत जायची, मग म्हणायची, चालव आता कात्री. स्वतःलाच. बटण तेव्हा कापायच्या टेबलाखाली चिंध्या घेऊन बसलेली असायची. कुणाला वाटलं होतं ती बघतेय?

बाईंना मी म्हटलं, परत लावा. मग म्हटलं, अजून एकदा लावा… तीनदा पाहिलं. बाईंनी पाणी दिलं.

नाही, रडलो नाही… थोडासा.

पण आता मला टोचतंय ते वेगळंच. तुझ्या आईला जाऊन आठ महिने झाले. आठ महिने रोज संध्याकाळी मी या पोरीशेजारी बसतो आणि टेबलावर बोटं वाजवतो. हात चालव, बटण, हात चालव. बघत बसू नकोस. घरी पेन्सिल असते, तिला कुठे ठिपका? मला वाटायचं, बसलीय नुसती. मी तिचं तेच मोडत होतो गं, जे तिच्या आजीने… असो.

विचारलं ना बटणाला, का नाही सांगितलंस म्हणून. म्हणाली, सगळेच करतात ना असं?

हो, सहा ते सहाच, मान्य आहे… परीक्षेत कोण थांबणार तिच्यासाठी, तेही खरं. वेग वाढवावा लागेल, बाईही म्हणाल्या तसं. सोपी गणितं उलटी तपासायची नाहीत, अवघड तेवढी तपासायची, असं शिकवणार आहेत. तेवढं शिकेल ती. पण हळू आहे म्हणून शिकवणं वेगळं आणि येत नाही म्हणून खाली बसवणं वेगळं… नाही, बाईंना दया आलेली नाही. त्या म्हणाल्या, मी इतके दिवस फक्त वही बघत होते, माझं चुकलं. असं म्हणणारी शिक्षिका तू पाहिलीस कधी? मी नाही. आणि म्हणाल्या, ऑफिसातून फॉर्म गेलाय, आईची सही आली की मला काही करता येणार नाही. म्हणून तुझ्या मागे लागलोय.

पेन आपलं आपण काही करत नाही गं. बघणारं कुणीतरी लागतंच. पण मला तर पेनाने दाखवलं म्हणून दिसलं ना.

अजून पटत नाही?… बरं. मघाशी गिऱ्हाईक होतं, तेव्हा तू काय केलंस? बाटली पिशवीत घातलीस. मग पिशवी चुरचुरली, परत बाहेर काढलीस. आणि पुटपुटलीस, आधी तारीख, मग चमचे किती, मग नाव. बाटलीवरचं लेबल, खालून वर… ऐकलं मी. फोन कानालाच होता… रोज करतेस? सगळेच करतात, म्हणशील आता.

हॅलो?… काय?… शाळेला कळवतेस? बरं. मी आहे इथे.

हं… हो… बाईंच्या नावाने लिही. फॉर्म पाठवत नाही, असं सरळ लिही. याच वर्गात राहू द्या म्हणावं… नाही, फॉर्मचं बटणाला काही कळलेलं नाही. आत आहे, कापायच्या टेबलावर. गणितं करतेय. मी आज बोटं नाही वाजवली.

लिहिलंस? वाच बघू मला… हं… हं… चांगलं आहे. आता परत एकदा वाच. खालून… वाच गं, चार वाजायला वेळ आहे. मी कुठे जातोय…

झालं? सगळं बरोबर?

मग चालव आता कात्री… हं. ठेवतो.