सईला कोणाच्या हाती सोडायचे

दर्शना प्रफुल्ल उबाळे, वय ४४ वर्षे, धंदा : राहत्या घरी पाळणाघर, रा. कोपरी, ठाणे पूर्व.

समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी पती व सासूबाईंसह राहते. घराच्या पुढच्या खोलीत पाळणाघर चालवते. सध्या माझ्याकडे पाच मुले आहेत. त्यांपैकी सई, वय तीन वर्षे, हिची आई आसावरी या नौपाड्यात दातांच्या दवाखान्यात नोकरी करतात. सईला सोडायला व न्यायला त्याच येतात. तिच्या वडिलांना मी आजपर्यंत पाहिले नव्हते. ते बाहेरगावी असतात, एवढेच मला सांगितले होते.

दिवाळीनंतर माझ्याकडचा एक मुलगा खुर्चीवरून पडून त्याची हनुवटी फुटली. त्याचे आईवडील समजूतदार निघाले, पण माझी झोप उडाली. म्हणून मी विमा काढायचे ठरवले. बँकेत गेले तर त्यांनी माझ्याच आयुष्याचा विमा पुढे केला. मी म्हटले, "मी मेल्यावरचं नको, मूल पडल्यावरचं सांगा." दुसऱ्या एका माणसाने दुकानाचा विमा दाखवला. त्यात आग आणि चोरी होती, मुले नव्हती. शेवटी विनीत नावाच्या एजंटने सांगितले, "ताई, तुम्हाला हवी तशी पॉलिसी आहे. पण पालकांशी लेखी करार लागेल. औषध कोण देणार, मूल कोणाच्या हाती सोडणार, सगळं लिहून सह्या घ्या. त्याशिवाय कंपनी घेत नाही."

मी करारनामा टाइप करून आणला. दोघांनी सही केली. एक पालक वकिलाला दाखवतो म्हणून घेऊन गेले, ते आजपर्यंत दाखवतच आहेत. एका आईने विचारले, "आमच्यावर विश्वास नाही का?" आसावरी म्हणाल्या, "अहो ताई, तुम्ही घरच्यासारख्या. घरात कोणी करार करतं का?" मी पुन्हा विचारले तेव्हा त्यांचा चेहरा पडला, म्हणून मी विषय सोडला. सहीसाठी मूल दाराबाहेर काढता येत नाही. पॉलिसी झाली नाही ती नाहीच.

आज दुपारी जेवून मुले झोपली असता बेल वाजली. दारात एक इसम होते. "मी सलिल, सईचा बाबा. तिला न्यायला आलोय," असे म्हणाले. मी त्यांना बाहेरच थांबवून आसावरींना फोन केला. फोन उचलला नाही. दवाखान्यात पेशंट असताना त्या फोन घेत नाहीत. मी परत परत लावला. सलिल यांनी मोबाइलमधले फोटो दाखवले. फोटोत सई त्यांच्या खांद्यावर होती.

ते म्हणाले, "अजून काय पाहिजे तुम्हाला? बाप आहे मी तिचा."

मी म्हणाले, "असाल. पण मला तिच्या आईने सांगितल्याशिवाय मी देणार नाही. तुम्ही इथेच बसा, पाणी घ्या."

त्यांनी पाणी घेतले नाही. आवाज चढवला. शेजारी जमा झाले. मुले उठून रडू लागली. सलिल यांनी ११२ ला फोन करून, पाळणाघरवाली माझी मुलगी देत नाही, असे सांगितले. पोलीस आले, तोपर्यंत मी मुलीस सांभाळले. त्यांनी मला विचारले, "बाई, बापाला नाही म्हणताय, कुठे लिहिलंय तसं?" सईच्या आईने सही केलेला कागद माझ्याकडे नव्हता. मी तसे सांगितले. बाकीची मुले सासूबाईंकडे ठेवून मी सईसोबत पोलीस ठाण्यात आले.

इथे बाकावर सई आपणहून सलिल यांच्या मांडीवर जाऊन बसली. त्यांनी तिला मोजे घातले, ते उलटे घातले. ते तिचे वडील आहेत याबद्दल त्यानंतर मला शंका राहिली नाही. तरीही पुन्हा अशी वेळ आली तर मी हेच करीन.

माझे मिस्ड कॉल बघून आसावरी धावत आल्या. दोघे वर्षभरापासून वेगळे राहतात हे मला तेव्हा कळले. ठाण्यातील पोलीस मॅडमनी त्यांना विचारले, "वडिलांकडे देऊ नका, असं तुम्ही यांना सांगितलं होतं का?" त्या खाली बघून म्हणाल्या, "नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ताई, घरातलं काय काय सगळ्यांना सांगत बसू?" मॅडमनी दोघांना समजावून सईला आईकडे दिले व सलिल यांना कोर्टातून भेटीची वेळ ठरवून घ्यायला सांगितले. जाताना सलिल यांनी मला नमस्कार केला. आसावरींनी केला नाही.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. दारात पोलिसांची गाडी बघून एका पालकाने मूल उद्यापासून पाठवणार नाही असा मेसेज केला आहे. ते आईवडील सही केलेल्यांपैकी आहेत.

हा जबाब मला मराठीत वाचून दाखवला. त्यात "मुलीस ताब्यात ठेवले" असे लिहिले होते, ते माझ्या सांगण्यावरून खोडून "मुलीस सांभाळले" असे केले आहे. खाडाखोडीशेजारी मी सही केली आहे. बाकी मजकूर मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.

(दर्शना प्रफुल्ल उबाळे)